मुकादमचा डावा कान

सोमवार, ४ तारीख

काल सकाळी मी मुकादमचा डावा कान साफ केला. रविवार, कारखान्याला सुट्टी. ही बाजारात गेली होती. घरात आम्ही दोघेच, मी आणि हा कुत्रा. आठ दिवस झाले, तो सारखं डोकं झटकत होता, पंजाने कान ओरबाडत होता. मी शिलाई मशीनचा मिस्त्री. तीस वर्षं माझी एकच रीत आहे. मशीन कुरकुरलं की आधी साफ करायचं, मग तेल द्यायचं. साफ झालं कसं ओळखायचं, तर कापूस पांढरा बाहेर आला पाहिजे. मशीनच्या पोटात हात जात नाही म्हणून मी बारीक तारेला कापूस गुंडाळतो. तशीच एक तार घेतली. कारखान्याच्या प्रथमोपचार पेटीतली, जखमा धुवायच्या गुलाबी औषधाची एक बाटली घरी होती. त्यात कापूस भिजवला आणि कानात घातला.

पहिला बोळा काळा आला, दुसरा तपकिरी. पाचवा पिवळट होता. मी म्हटलं, आता थोडक्यासाठी कशाला सोडायचं. सहाव्याला तो किंचाळला. नऊ वर्षांत त्याच्या तोंडून असा आवाज ऐकला नव्हता. बोळ्याच्या टोकाला रक्ताचा ठिपका होता. मी वरून थोडं औषध ओतलं, कान चोळला, आणि सहाही बोळे कागदात बांधून बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आलो. घरातल्या नाही, बाहेरच्या. तसं का केलं हे तेव्हा कळलं नव्हतं. आज कळतंय.

आज सकाळी तो उठायला गेला आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवा झाला. परत उठला, परत पडला. मान डावीकडे वाकडी, पाय चौफेर फाकलेले, आणि डोळ्यांची बुबुळं मशीनमधल्या शटलसारखी इकडून तिकडे, इकडून तिकडे, थांबतच नव्हती. ही किंचाळली, "अहो, हा चालला!" मी त्याला धुण्याच्या टोपलीत घातला आणि जनावरांच्या दवाखान्यात नेला.

डॉक्टरबाई वयाने लहान आहेत, मला काका म्हणतात. त्यांनी कानात बघायचा प्रयत्न केला, पण आतून सूज, त्यात तो डोकं आपटायला लागला. "गुंगी द्यावी लागेल, पण आज याची अवस्था गुंगी झेपण्यासारखी नाही," त्या म्हणाल्या. "तोल सांभाळणारी जागा कानाच्या आत असते. तिथे बिघाड आहे, किंवा मग मेंदूत. काका, घरी कानात काही घातलं होतं का? तेल, औषध, काडी?"

हिने माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात तेल, औषध आणि काडी हे माझंच खातं.

"नाही," मी म्हणालो.

"मग पडदा धड आहे असं धरून चालू." त्यांनी कानात घालायचे थेंब लिहून दिले आणि गरगरण्यावर गोळ्या.

गावच्या शाळेत गुरुजी रोज पाच ओळी लिहायला लावत. म्हणायचे, खरं लिहायचं नसेल तर पाटी कोरी आणा, मी रागावणार नाही. कारखान्यातलं एक जुनं नोंदपुस्तक माझ्याकडे होतं. तारीख, मशीन क्रमांक, बिघाड, उपाय, असे रकाने आहेत. त्यावर आडवं लिहितोय. हे खरं कुठेतरी असायला हवं, म्हणून.


मंगळवार, ५ तारीख

रजा घेतली. घराची फरशी गुळगुळीत, तिच्यावर त्याचे पाय ठरत नाहीत. जुनी पांघरुणं, पोती, पायपुसणी, जे सापडलं ते अंथरलं. पलंगाच्या कोपऱ्यांना उशा बांधल्या. बाहेर न्यायचं तर पोटाखालून टॉवेल घालून दोन्ही टोकं वर धरायची, म्हणजे तो नुसते पाय हलवतो आणि भार आपल्या मनगटांवर. चालला तरी डावीकडेच गोल फिरतो. भिंत आली की तिला टेकून उभा राहतो, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघतो की जणू भिंत मीच ढकलत आणली आहे.

याचं नाव मुकादम पडलं ते त्याच्या स्वभावावरून. पोरीने शाळेच्या दप्तरातून आणला तेव्हा वीतभर होता. दुसऱ्या दिवसापासून दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याची पिशवी तपासायला लागला. मी कामावरून पाच मिनिटं उशिरा आलो तरी भुंकायचा. ही म्हणाली, आधीच एक मुकादम कारखान्यात होता, आता घरी दुसरा.

हिने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तक्ता आखला आहे. रोजचे तीन चौकोन, सकाळचे थेंब, संध्याकाळचे थेंब, गोळ्या. "थेंब तुम्ही घाला," म्हणाली. "तुमचा हात हलका आहे."


गुरुवार, ७ तारीख

थेंब घातले की तो अर्धा तास कोसळतो. आधी ओरडतो, मग थरथरतो, थांबलेली बुबुळं पुन्हा पळायला लागतात. चार वेळा घातले, चारही वेळा हेच. आज औषधाच्या खोक्यातला कागद सुया बघायच्या भिंगाखाली धरून वाचला. अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय की कानाचा पडदा फाटलेला असल्यास हे औषध वापरू नये, तोल जाणे व बहिरेपणा संभवतो.

कागद हातात घेऊन बराच वेळ बसलो. ही पलीकडून ओरडली, "अहो, चहा निवतोय, तुमचं तोंड का उतरलंय?" म्हटलं, अक्षरं बारीक आहेत.

डॉक्टरबाईंना सांगायला हवं. सांगितलं तर त्या विचारतील, पडदा कसा फाटला? मग सहा बोळे, तार, गुलाबी औषध, सगळं सांगावं लागेल. आणि त्याआधी सांगावं लागेल की सोमवारी मी "नाही" म्हणालो ते खोटं होतं. हिच्या समोर.

थेंब घालायचे नाहीत असं ठरवलं. तक्त्यावर मात्र खूण केली. चौकोन रिकामा राहिला असता तर हिने विचारलं असतं.


शुक्रवार, ८ तारीख

सकाळी खूण. संध्याकाळी बाटली हातात घेतली, परत ठेवली, खूण केली. वळून बघतो तर ही दारात उभी, ओले हात पदराला पुसत.  ती काही रागावली नाही. उलट फार मऊ आवाजात म्हणाली, "त्याचं ओरडणं ऐकवत नाही ना तुम्हाला?"

"नाही ऐकवत," मी म्हणालो. हे खरं होतं.

"असू दे," म्हणाली आणि आत गेली. वाचलो.


शनिवार, ९ तारीख

दोन दिवस त्याच्या कानाला हात लावला नाही. आज सकाळी चार पायांवर उभा राहिला. मी मोजलं, अकरापर्यंत. मग बसला, पण पडला नाही, बसला. पाणी वाटीतून स्वतः प्यायला. मी आत जाऊन हात जोडले. म्हटलं, देवा, तू हे गुपचूप निस्तरतो आहेस, मी जन्मभर विसरणार नाही. चूक माझी, शिक्षा याला नको.

कुणाला न कळता बरा झाला तर मला काहीच सांगावं लागणार नाही, हाही विचार आला. या वहीपासून लपवून काय उपयोग.


रविवार, १० तारीख

संध्याकाळी सातला पोरीचा फोन आला. रोज येतो, आईला. पहिली पाच मिनिटं त्या दोघी बोलतात, मग ती म्हणते, "आता मुकादमला दे." ही फोन त्याच्या कानाशी धरते. तो कान टवकारून ऐकतो आणि शेपटी आपटतो. आज हिने डाव्या कानाशी धरला तर त्याला काही समजेना. मग उजव्याशी धरला. शेपटी हलली, जोरात नाही, पण हलली.

माझं आणि पोरीचं बोलणं नाही. दोन वर्षं होतील. मी फोनच्या वेळी पलीकडच्या खोलीत असतो. तरी सगळं ऐकू येतं, ती फार मोठ्याने बोलते. तिथे गोंगाट असावा. "मुकादम, जेवलास का रे वेळेवर? पाठ दुखते का अजून? थंडीत गार पाण्याने आंघोळ करू नकोस." कुत्र्याची पाठ कधी दुखली होती मला आठवत नाही. माझी दुखते.

शेवटी म्हणाली, "तुला काही झालं तर मी काय करू रे?" आणि फोन ठेवला.

मला वाटलं, हा गेला तर सातचा फोन कशासाठी येईल? आईशी ती दुपारीही बोलू शकते, कामावर असताना. सातला मी घरी असतो.


सोमवार, ११ तारीख

कामावर गेलो. जायच्या आधी नेहमीप्रमाणे आंघोळ करून वीस मिनिटं आतल्या खोलीत देवाजवळ बसलो. ही म्हणाली, "दार लोटून घेते. तुम्ही निवांत बसा, मी त्याचं बघते." मी नाव घेत होतो तेवढ्यात बाहेरून तो किंचाळला. पहिल्या रविवारी किंचाळला होता अगदी तसाच. मी डोळे उघडले नाहीत. वाटलं, खाई त्याला खवखवे, माझ्याच कानात तो आवाज बसलाय. पण बाहेर आलो तर तो खरंच कोसळलेला, आणि ही त्याच्याजवळ बसून त्याची मान चोळत होती. डोळे भरलेले.

"काय झालं?"

"काही नाही. उठायला गेला आणि पडला."

शनिवारी अकरा मोजले होते. आज एकही मोजता आला नाही. देवाने दिलेलं परत घेतलं, एवढंच मला समजतं. हे गुपचूप निस्तरावं असं मीच त्याच्याकडे मागितलं होतं ना.


मंगळवार, १२ तारीख

दवाखाना. डॉक्टरबाईंनी तक्ता पाहिला. सगळ्या चौकोनांत खुणा. "शिस्त आहे हो काका तुमच्याकडे, नाहीतर लोक तिसऱ्या दिवशी विसरतात." मी पायातल्या चपलेकडे बघत राहिलो.

मग त्यांचा चेहरा बदलला. इतके दिवस थेंब नीट पडूनही उतार नाही, म्हणजे बिघाड कानाचा नसावा. अजून सहा दिवस बघू म्हणाल्या. नाहीतर मेंदूत काहीतरी वाढतंय असं धरावं लागेल.

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात ही म्हणाली, "डॉक्टर, हे त्याच्यासाठी रात्रंदिवस खपतायत. माणसासाठी कुणी करत नाही एवढं." मी तोंड मिटलं.


बुधवार, १३ तारीख

थेंबांची बाटली उजेडात धरली. निम्म्याच्या खाली आली आहे. मी तर हातही लावत नाही. झाकण सैल असणार, औषध उडतंय. झाकणाला दोऱ्याचे दोन वेढे देऊन घट्ट बसवलं. उडालं ते एका परीने बरंच झालं. बाटली भरलेली दिसली असती तर हिला शंका आली असती.


गुरुवार, १४ तारीख

सकाळी पुन्हा किंचाळला. मी देवाजवळ बसलो की त्याच वेळी. रोज त्याच वेळी. बसूच नये असं वाटायला लागलंय. ज्या वेळी मी डोळे मिटतो त्याच वेळी देव मला ऐकवतो, याचा दुसरा काय अर्थ लावायचा?

नंतर हिने चहा दिला. कपाला औषधाचा वास येत होता, तिच्या बोटांचा असेल. दिवसभर गोळ्या कुटून भातात कालवते. हात कितीही धुतले तरी वास जात नाही म्हणते.

दुपारी जेवायला बसलो तर कटिंगमास्तर समोर येऊन बसला. हा माणूस मेलेल्यालाही टोमणा मारेल.

"काय मिस्त्री, तुमचा मुकादम अजून गोल गोल फिरतोय म्हणे? इथल्या मुकादमाला लागण झाली काय, तोही सकाळपासून आमच्याभोवती फिरतोय."

मी हसलो नाही. त्याने डबा सरकवला. "बरं, काय झालंय? नुसतं कुत्र्यामुळे माणूस एवढा वाळत नाही."

म्हटलं, एका मशीनमध्ये माझ्या हातून चूक झाली आहे, आणि ती मी कुणाला सांगितली नाही. तो थट्टा विसरला. म्हणाला, "हे बघ. मी टेबलावर कापडाचे चाळीस थर लावतो. वरच्या थरावर खडूची रेघ चुकली आणि तिथेच ओरडलो, तर एक तुकडा जातो. लाजेने गप्प बसून यंत्र चालवलं तर चाळीसच्या चाळीस जातात. मी एकदा बसलो होतो गप्प."

"मग?"

"मग काय, कापडाचा अख्खा तागा चिंध्यांत गेला. आणि शेवटी सांगावं लागलंच."


शनिवार, १६ तारीख

आता उभाच राहत नाही. कुशीवर पडून असतो. कूस बदलायला गेलं की चारी पायांनी हवेला धरू बघतो. त्याला वाटत असणार, आपण पडतोय, पडतोय, आणि तळ येत नाही. मी छातीशी घट्ट दाबून धरलं की थोडा शांत होतो. त्याचं काळीज माझ्या हाताला लागतं. इतकं जोरात चालतं की मला माझ्या काळजाची भीती वाटते.

पोरीचं इथे लिहिलं नव्हतं. आज लिहितो.

तिला शिकायला दुसऱ्या गावी ठेवलं होतं. तिने मध्येच कॉलेज सोडलं आणि एका दुकानात कामाला लागली. आठ महिने आम्हाला सांगितलं नाही. रोज फोनवर सांगायची, आज हा तास झाला, उद्या तो तास आहे. मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. ती घरी आली तेव्हा मी तिला विचारलंही नाही, का सोडलंस म्हणून. एवढंच म्हणालो की नापास झालीस तरी चाललं असतं, पण खोटं बोलणाऱ्याशी मी बोलत नाही. ती म्हणाली, "बाबा, मला भीती वाटत होती." मी म्हणालो, ज्याचं मन साफ त्याला भीती कसली?

हे वाक्य मी म्हणालो होतो. शब्दन् शब्द आठवतोय. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं ते बोलून.


सोमवार, १८ तारीख

डॉक्टरबाईंनी त्याच्या पायांना चिमटे काढून पाहिलं, डोळ्यांत उजेड टाकला, बराच वेळ त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "काका, काकू, औषधाची सगळी मुदत झाली. एकही वेळ चुकली नाही. तरी हा खालीच चाललाय. मेंदूच असणार. आता त्याला नुसता त्रास आहे. झोपेचं इंजेक्शन दिलं तर..." पुढचं हिने ऐकलं नाही, तोंडावर पदर दाबून बाहेर गेली.

बुधवार ठरला. सकाळी अकरा.

एकही वेळ चुकली नाही, असं त्या म्हणाल्या. माझ्या खोट्या खुणांवरून त्यांनी हे ठरवलं. मी काढलेल्या बावीस खुणा त्याला मारणार.

संध्याकाळी सातला हिने पोरीला सांगितलं.  ती म्हणाली, "मी येते. बुधवारी पहाटेच्या गाडीने निघते, अकराच्या आत पोचते. मी आल्याशिवाय काही करू देऊ नकोस आई."

ती येणार. दोन वर्षांनी या दारातून आत येणार.

हे लिहायची लाज वाटते, पण लिहितो. एक क्षण मला आनंद झाला. मी सांगितलं तर बुधवार टळेल, आणि मग ती कशाला येईल? गप्प राहिलो तर येईल. तो पायाशी पडून माझा अंगठा चाटत होता आणि मी हे मनात मांडत होतो. मग मला स्वतःचीच अशी भीती वाटली की उठून अंगणात जाऊन उभा राहिलो. सकाळी देवाजवळ बसलो होतो हेही आठवलं. काय मागत होतो मी?


मंगळवार, १९ तारीख

आज आंघोळ झाल्यावर देवाजवळ बसलो नाही. डोळे मिटून त्याच्याशी बोलायचं माझं तोंड राहिलं नव्हतं. कामावर गेलो आणि चारला सुट्टी मागून परत आलो. ही त्याच्याजवळ बसली होती.

"दवाखान्यात चल," म्हटलं.

"आज? बुधवार म्हणाल्या ना त्या? मला नाही नेववत हो एक दिवस आधी."

"त्यासाठी नाही. चल."

दोघांनी मिळून टोपली उचलली. डॉक्टरबाई एका मांजराला टाके घालत होत्या. त्यांचं होईपर्यंत आम्ही बाकावर बसलो. ही दोनदा म्हणाली, "काय झालंय ते सांगाल का मला?" मी म्हणालो, दोघींना एकदमच सांगतो, दोनदा सांगायचं बळ नाही.

आत गेलो. बसलो नाही. उभ्यानेच म्हणालो, "तुम्ही मला विचारलं होतं, कानात काही घातलं का. मी नाही म्हणालो. घातलं होतं." मग तार, सहा बोळे, गुलाबी औषध, रक्ताचा ठिपका, सगळं सांगितलं. थेंबांचा कागद वाचला तेही सांगितलं. "म्हणून मी थेंब घालायचे बंद केले. गुरुवारपासून एकही थेंब घातलेला नाही. तक्त्यावरच्या खुणा खोट्या आहेत. तुम्ही खुणा बघून मेंदू म्हणालात. ते तसं नसेल."

माझ्या मागून हिचा आवाज आला. ओळखू येणार नाही असा.

"अहो, पण मी घालत होते."

मी वळलो.

"तुम्ही शुक्रवारी बाटली उचलून परत ठेवलीत, मी पाहिलं. मला वाटलं, याचं ओरडणं तुम्हाला सोसत नाही. म्हटलं, कशाला बोलून दाखवायचं. तुम्ही परत कामावर जायला लागलात त्या सोमवारपासून मी घालतेय. सकाळी तुम्ही देवाजवळ बसता तेव्हा, दार लोटून. आणि संध्याकाळी तुम्ही यायच्या आत. पाच पाच थेंब." तिने आपली बोटं अंगापासून दूर धरली होती, जणू तिची नव्हतीच. "फाटलेल्या कानात घालत होते मी?"

डॉक्टरबाईंनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले. "काका, मला तुमच्यावर खूप चिडायचंय," त्या म्हणाल्या. "पण ते नंतर. आधी ती बाटली फेका." मग पाठीमागच्या मुलीला बुधवारचं पान आणायला सांगितलं आणि त्यावर आडवी रेघ मारली. "उद्याचं इंजेक्शन नाही. उद्या सकाळी याला हलकी गुंगी देते आणि कान मिठाच्या पाण्याने धुऊन आतून बघते. पडदा गेला असेल तर कानातलं औषध बंद, सगळं पोटातून. पण नीट ऐका. आता तो फार थकलाय. गुंगीतून उठेलच असं मी सांगत नाही. उठला तरी डाव्या कानाने ऐकणार नाही आणि मान वाकडी राहील."

"चालेल का?" मी विचारलं. म्हणजे पायांनी.

"कानाचंच असेल तर चालेल. पण दोन आठवडे तुम्ही फुकट घालवलेत."

त्याला तिथेच ठेवून घेतलं. रिकामी टोपली घेऊन आम्ही पायी परत आलो. अर्ध्या रस्त्यात ही थांबली.

"माझ्या हातून करवलंत," म्हणाली. "एवढंच सांगते. तुम्ही कान फाडलात ते मी समजू शकते, तुम्ही मशीनवाले. पण तुम्ही गप्प बसलात आणि माझ्या हातून करवलंत."

मी टोपली दुसऱ्या हातात घेतली आणि तिच्या मागून चालू लागलो.  घरी आल्यावर तिने हात धुतले. पुन्हा धुतले. मी नळाचा आवाज ऐकत बसलो.

पावणेसातला तिने फोन आणून माझ्यासमोर ठेवला.

"तू सांग," मी म्हणालो. "ती माझ्याशी..."

"ती कधी बोलत नव्हती? तुम्ही बोलत नाही." आणि आत जाऊन तिने दार लोटून घेतलं.

फोनकडे बघत बसलो. भीती होती ती तिच्या रागाची नव्हती. ती ऐकून घेईल आणि म्हणेल, बरं झालं कळलं तुम्हाला, आता मला यायची गरज नाही. तसं म्हणाली तर ते तिचं बरोबरच असेल. सातला तिचा फोन येईल, मग आईला हाक मारायची आणि आपण पलीकडे जायचं, असंही मनात आलं. सात वाजायला चार मिनिटं होती. मी फोन उचलला आणि नंबर लावला.

तिने उचलल्या उचलल्या विचारलं, "आई? काय झालं? गेला का?"

"मी बोलतोय," म्हणालो.

 तिथे अजिबात गोंगाट नव्हता. तिच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता.

"तो आहे," मी म्हणालो. "उद्या त्याला मारायचं नाही. कान धुणार आहेत. वाचेल की नाही ते उद्या कळेल. तू ये किंवा येऊ नकोस, तुझ्यावर आहे. पण त्याचं हे माझ्यामुळे झालंय, आणि मी सगळ्यांशी खोटं बोललो. सोळा दिवस. मला भीती वाटत होती."

  मग मी त्या पहिल्या रविवारच्या सकाळपासून सांगायला घेतलं. तार कशी वाकवली, कापूस कसा गुंडाळला, रक्त दिसल्यावर बोळे कुठे टाकले. एकही दिवस गाळला नाही. सोमवारी संध्याकाळी ती येणार म्हणून मला झालेला आनंद, तोसुद्धा सांगितला. किती वेळ बोलत होतो कोण जाणे. सगळं सांगून झालं तेव्हा फोन चालूच होता. तिने ठेवला नव्हता.